तांबूच्या वासराचं अंगडं

असले अनुभव मी आजवर वाचत आले ते रविवारच्या चहाबरोबर, करमणूक म्हणून. मी मोठ्याने वाचायचं, नवऱ्याने बिस्किट बुडवत ऐकायचं आणि शेवटी दोघांनी हसायचं. पांढरी साडी, पैंजण, मोकळे केस... मी म्हणायची, या भुतांना एखादा बरा ड्रेसवाला का भेटत नाही? कारण माझा धंदाच तो. जळगावात माझं फॅन्सी ड्रेस शिवून भाड्याने द्यायचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत निम्म्या शहराचे वाघ, अस्वलं आणि ससे माझ्या मशीनखालून जातात. चेटकिणी तर मी पायलीच्या पन्नास शिवल्यात. अशा बाईने कशाला घाबरायचं?

आणि खरं सांगू, मी अजूनही घाबरलेले नाही. घाबरले असते तर बरं झालं असतं... पळून तरी गेले असते. जे झालं त्यात पळायला जागा नाही, म्हणून लिहितेय.

माझं माहेर पारोळा तालुक्यात, जळगाव-धुळे रस्त्यापासून थोडं आत. गावाचं नाव लिहीत नाही, गावात आधीच काय कमी बोलणं होतं! घरात माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, आणि भाऊ-वहिनी. आई जाऊन आता तिसरं वर्ष. आई गावातली शिवणारी बाई. मशीनवर बसायला मी तिच्याकडूनच शिकले. तिच्या मागे तिच्या मायेच्या दोन गोष्टी घरात राहिल्या, एक ते मशीन आणि दुसरी तांबू. तांबू म्हणजे आमची निमाडी गाय. तांबडी, अंगभर पांढरे शिंतोडे, रंगपंचमीला कोणी पिचकारी मारल्यासारखी. आईने तिला वासरू असल्यापासून हाताने वाढवलेली. आई गेल्यावर नाना घरात जेवढं बोलत नाहीत तेवढं तिच्याशी बोलतात.

मागच्या होळीनंतर तांबू व्याली. पहिलीच वेळ. कालवड झाली, अगदी आईची नक्कल. वहिनीने तिचे फोटो स्टेटसला लावून लावून आम्हाला जेरीस आणलं होतं. आणि मग त्या वासराला हगवण लागली आणि ते गेलं. भाऊने बांधावरच्या निंबाखाली मीठ घालून पुरलं.

त्यानंतर तांबूने खाणं सोडलं. हंबरून हंबरून तिचा आवाज बसला. कास तटतटलेली, पण हात लावू देईना. आणि तिच्यापायी नानांनीही खाणं सोडलं. वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडतच होती. मी नानांना फोनवर घ्यायला लावलं.

"ती खास नही, पेस नही," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "नुसती दारकडे देखस."

"अन् तुम्ही, नाना?"

"मना गळाखाल उतरत नही, बेटा."

मी दुपारच्या बसने गेले.

जुनी माणसं अशा वेळी काय करतात ते खेड्यातल्या वाचकांना ठाऊक असेल. मेलेल्या वासराचं कातडं काढून पेंढा भरून गाईपुढे उभं करतात. ती चाटते आणि पान्हा सोडते. किंवा ते कातडं एखाद्या पोरक्या वासराच्या पाठीवर घालतात. गाय वास घेते, फसते आणि मग हळूहळू ते परकं वासरूच आपलं मानते. पोरकं वासरू शेजारी होतंही. शेजारच्या आबांची गाय साप चावून गेली होती, तिच्यामागे राहिलेली काळी कालवड बाटलीला तोंड लावत नव्हती. म्हणजे इकडे दूध होतं आणि वासरू नव्हतं, तिकडे वासरू होतं आणि दूध नव्हतं. भाऊने वासरू पुरायच्या आधीच कातडं काढायची गोष्ट काढली होती आणि नाना त्याच्या अंगावर गेले होते.

"तिनाच पोरनं कातडं काढीसन तिना पुढे उभं करू?" ते मलाही तेच म्हणाले. "माले जमाव नही."

तेव्हा मी म्हटलं, "नाना, मी शिवी देस. कातडं नही, फरनं."

भाऊ भरल्या घरात हसला. "बई, गायले फॅन्सी ड्रेसवरी फसाडशी का?"

मला अशा वेळी कोणी हसलं की चेव येतो. त्याच संध्याकाळी काळ्या कालवडीचं माप घेतलं. आबा म्हणाले, "लई जा वं पोरी. मना घर ती जगाव नही." दुसऱ्या दिवशी धुळ्याला आग्रा रोडवर जाऊन फरचं कापड आणलं आणि आईच्या मशीनवर बसले.

इथे धंद्याचं थोडं सांगते, कारण पुढे लागेल. फर कात्रीने कापायचं नसतं. उलटं करून पाठीमागून ब्लेडने नुसतं कापड कापायचं, म्हणजे केस तुटत नाहीत आणि शिवण केसांखाली लपते. लव मानेकडून शेपटीकडे गेली पाहिजे. बाजारातलं फर अस्वलाला ठीक, वासराला फार लांब, म्हणून मी नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर मागवून घेतला आणि सगळं अंग भादरलं. (तो ट्रिमर पुन्हा त्याच्या कामाचा राहिला नाही, ते भांडण वेगळं.) पांढरे ठिपके वरून चिकटवले नाहीत, फोटोत बघून एकेकासाठी खिडकी कापून आत बसवले. पाठीवरचा भोवरासुद्धा लव फिरवून साधला. डोक्याला वेगळं टोपडं केलं, कानांना भोकं ठेवून. आणि अस्तराला वापरलं ते गोणपाट, ज्याने वहिनीने जन्मल्या जन्मल्या त्या वासराला पुसलं होतं. ते अजून गोठ्याच्या भिंतीवर तसंच पडलेलं होतं. गाय डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते, एवढं मलाही कळतं.

एकच गोष्ट मी वेगळी केली. आईचा एक नियम होता, तो आमच्याकडचा कुठलाही शिंपी पाळतो. लेकराच्या कपड्याला आत माया ठेवायची, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवायचं, पोर वाढलं की उसवून मोठं करता येतं. आई त्याच्यापुढे आणखी एक सांगायची, "लेकरुनं आंगडं आंगबरोबर शिवानं नही वं. मापमा शिवं का लेकरु मापमाच ऱ्हास." मी शाळांचे गणवेश अजून तसेच शिवते. पण हे ढगळ झालं असतं तर वासराच्या अंगावर पोतं टाकल्यासारखं दिसलं असतं. शिवाय गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आठवडाभरात काढून टाकायचं. म्हणून मी ते अंगाबरोबर शिवलं. घातलं तेव्हा कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. माझ्या हातून इतकं खरं जनावर कधी उतरलं नव्हतं. वहिनी तर दारातच थांबली आणि तोंडाला पदर लावून परत फिरली.

तांबूपुढे नेलं. तिने वास घेतला. मानेला, पाठीला, पुन्हा मानेला. मग घशातून तो आवाज काढला, जो गाय फक्त आपल्या वासरासाठी काढते, आणि चाटायला लागली. काळी कालवड कासेला भिडली. नाना गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते. नंतर ते घरात गेले आणि वहिनीला म्हणाले, "वाढ."

मी त्या दिवशी एवढी फुगले होते की बसमध्ये शेजारच्या बाईला फोटो दाखवले.

आठवड्याने भाऊने अंगडं काढून पाहिलं तर तांबूने त्या कालवडीला शिंगावर घेतलं. परत घातलं, परत चाटायला लागली. मग थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मी म्हटलं, राहू द्या अजून थोडं, वासरू वाढलं की आपोआप शिवणी सुटतील.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. खान्देशातल्या लेकींना हे सांगायला नको, आखाजीला माहेर चुकत नाही. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. आणि गोठ्यात ते वासरू फरच्या अंगड्यात! माझ्याच जिवाचं पाणी झालं. आत हात घातला, म्हटलं घामाने निथळत असेल. आतलं अंग माठासारखं गार होतं.

मग माझं लक्ष शिवणींवर गेलं. एकही ताणली नव्हती.

मी टेप घेतला. माझ्या डोक्यात माप पक्कं बसतं, तो माझा धंदाच आहे. छाती, पाठ, मान... होळीनंतर घेतलं होतं तेच. केसभर फरक नाही. आबांच्या गोठ्यात त्याच आठवड्यात जन्मलेला गोऱ्हा होता, तो आता माझ्या कमरेला लागत होता आणि ढेपेत तोंड घालत होता. ही मात्र अजून लडखडत उभी राहत होती. मी तिला उताणं केलं तर बेंबीची नाळ तशीच होती. वाळली नव्हती, गळली नव्हती.

वहिनी माझ्यामागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मी कोनले सांगं नही. पन ही पहिल्या दिवसनी शे तशीच शे."

डॉक्टरांना बोलावलं. जंत असतील, वाढ खुंटते, दूध अंगी लागत नाही... औषध लिहून दिलं. ते सगळं मला पटत होतं. मग मी त्यांना नाळ दाखवली. त्यांनी ती बोटात धरून बराच वेळ पाहिली, नंतर हात धुवायला पाणी मागितलं.

मी म्हटलं, अंगडं काढा. नानांनी ऐकलं नाही.

"पेस, शेपटी हालावस. काय वाईट शे तिनं?"

"नाना, ती वाढत नही!"

"तांबू खास ना? मंग ऱ्हाऊ दे."

नानांच्या गालांवर पुन्हा मांस आलं होतं. सकाळी ते गोठ्यात बसून तांबूला गावातल्या बातम्या सांगायचे, आईला सांगायचे तशा. अंगडं काढलं तर तांबू पुन्हा दाराकडे बघत उभी राहणार आणि नाना पुन्हा ताटावरून उठणार. ठेवलं तर ते परकं पोर आहे तिथेच राहणार. भाऊ म्हणाला, तूच शिवलंस, तूच बघ. मी जळगावला परत आले आणि तीन महिने मशीनवर बसताना आईचं ते वाक्य कानात वाजत राहिलं. मी स्वतःला सांगायची, एवढ्या शिकलेल्या बाईने असला विचार करू नये. मग पुन्हा वाजायचं.

श्रावणात कानबाईचे, म्हणजे आमच्या खान्देशी देवीचे, रोट असतात, तेव्हा सगळं घर एकत्र येतं. मी गेले. दुपारी आबा आमच्या ओट्यावर आले, पाणी प्यायले आणि गोठ्यात डोकावले. बराच वेळ पाहत राहिले. मग नानांना म्हणाले, "मी दिनी तेवढीच शे ही अजून." टोपी सारखी केली आणि गेले.

नाना तिथेच बसून राहिले. गोठ्यात ती कालवड उठायला बघत होती, पुढचे पाय टेकवायची, मागचे घसरायचे, पुन्हा बसायची. नुकतंच जन्मलेलं वासरू जसं उठतं तसं. नानांनी आयुष्यात किती वासरं वाढवली असतील. ते बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काढ ते, बेटा," ते म्हणाले. "लोकेसनी पोर शे ती. आपली गाय करता आपन तिले कोंडी ठेवी ऱ्हायनूत."

मी ब्लेडने पोटाखालची शिवण उसवली. टोपडं काढलं. आतून काळी, ओलसर, बारीकशी कालवड निघाली. भाऊने ती लगेच उचलून आबांकडे नेली, कारण तांबूने फुंकारायला सुरुवात केली होती. अंगडं माझ्या हातात राहिलं. तांबू दाव्याला ताण देऊन पुढे आली आणि माझ्या हातातलं ते चाटायला लागली. तिच्या कासेतून दूध आपोआप खाली गळत होतं. मला तिथून हलताच येईना. हात दुखायला लागले तेव्हा नानांनी ते माझ्याकडून घेतलं, वासराच्या खुंट्याजवळ दोन मेढी रोवून आडवा बांबू बांधला आणि त्यावर ते पांघरलं. वासराच्या उंचीवर. टोपडं पुढच्या टोकाला.

काळ्या कालवडीने बाटलीला तोंड लावलं आणि तिची नाळ चार दिवसांत गळाली, असं वहिनीने फोनवर सांगितलं. मग ती अशी वाढली की आबा म्हणे रोज उठून तिच्याकडे बघतच बसायचे. दिवाळीपर्यंत ती त्या गोऱ्ह्याच्या बरोबरीला आली. ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती जंतांच्या औषधाच्या नावावर टाकून दिली असती आणि इथे लिहिलीही नसती.

भाऊबीजेला मी गेले. ओवाळणं झालं आणि गोठ्यात गेले. तांबू छान होती, खात होती, दूध देत होती, बांबूवरचं ते अंगडं चाटत होती. मीही सवयीने त्यावरून हात फिरवला, आणि बोटांना काहीतरी लागलं.

शिवणी ताणल्या होत्या.

मी हजारो गणवेश दुरुस्त केलेत. पोर वाढलं की शर्ट कुठे बोलतो ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. काखेत, छातीवर, पाठीच्या मध्यावर. टाके तुटत नाहीत आधी, सुईची भोकं लांबट होतात आणि मधून आतलं कापड दिसायला लागतं. हे तसंच होतं. आणि फक्त त्याच जागी. बांबूवर, रिकामं, खाली नुसती हवा. भाऊ म्हणाला, उंदरांनी कुरतडलं असेल. कुरतडलेला दोरा वेगळा असतो, पण बरं. मग म्हणाला, चाटून ओलं होऊन ताणलं असेल. ओलं फर लांबीला ताणतं आणि रुंदीला आकसतं. हे घेरात ताणलं होतं. मी टोपडं हातात घेतलं. कपाळावर दोन बाजूंना, जिथे वासराला शिंगं फुटतात तिथे, कापड आतून विरून पातळ झालं होतं.

मी ते तसंच खाली ठेवलं. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना केव्हाच दिसलेलं होतं.

मला ते जाळून टाकता आलं असतं. तसं मनात आलंही. मग तांबूकडे पाहिलं. ती चाटत होती, डोळे अर्धे मिटून. आईचं मशीन ओटीवर उघडलं, होळीच्या वेळचं उरलेलं फर काढलं, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून मध्ये पट्ट्या घातल्या. टोपड्याला दोन भोकं केली. या वेळी आत माया ठेवली. परत बांबूवर घातलं तेव्हा ते जरा ढगळ दिसत होतं. मशीनवर बसले होते तेवढा वेळ मी रडत होते.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि त्या रविवारी तो हसला नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. कोणा जाणकाराला याचं काही कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मात्र उतारा, अंगारा वगैरे सांगू नका. ते नानांना चालणार नाही, आणि आता खरं म्हणजे मलाही.

परवा नानांचा फोन आला. सगळ्यांची चौकशी झाली, कापसाची झाली. मग म्हणाले, "बेटा, संक्रांतले येशी तवय ते फर लई ये. मांगे लावं ते पुरत नही आते."

काल धुळ्याला जाऊन फर आणलं. वाढत्या अंगाचं आहे, म्हणून थोडं जास्तच घेतलं.